फ्रिज दिवसभर सुरूच राहतो? मेकॅनिकला बोलावण्याआधी 'या' ५ गोष्टी तपासा

उन्हाळा सुरू झाला की अनेक घरांत एकच तक्रार ऐकू येते : फ्रिजचा कॉम्प्रेसर बंदच होत नाही. समजा, कॉम्प्रेसर १०० वॉटचा आहे आणि तो रोज ८ तास जास्त चालला, तर महिन्याला सुमारे २४ युनिट वाढतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतरचा टप्पा महाग असल्याने हा फरक बिलात लगेच दिसतो.

आधी हे पाहा : फ्रिज इन्व्हर्टर प्रकारचा आहे का? असा कॉम्प्रेसर कमी वेगाने बराच वेळ चालतो. तो बिघाड नव्हे.

१. दाराचे रबर : दारात कागद अडकवून ओढा. तो सहज निघाला तर त्या जागी रबर सैल आहे. कोमट साबणपाण्याने पुसून पाहा. फाटले असेल तर बदला.

२. आतला दिवा : मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून आत ठेवा आणि दार लावा. रेकॉर्डिंगमध्ये उजेड दिसत राहिला तर दाराचे बटण अडकले आहे. दिव्याची उष्णता फ्रिजला काम लावते.

३. मागची जाळी : फ्रिजमधली उष्णता इथून बाहेर पडते. धूळ साचली की ती अडते. प्लग काढून ब्रशने साफ करा. भिंतीपासून १०-१५ सेंमी अंतर ठेवा. जाळी दिसत नसेल तर ती बाजूच्या पत्र्याआड असते. तिथे गरम लागणे स्वाभाविक आहे.

४. बर्फ : साध्या फ्रीझरमध्ये अर्धा सेंटिमीटरहून जाड थर झाला की डीफ्रॉस्ट करा. सुरीने खरवडू नका; नळीला भोक पडले की गॅस जातो. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये मागच्या भिंतीवर बर्फ साचत असेल तर डीफ्रॉस्ट यंत्रणा तपासून घ्यावी लागते.

५. सेटिंग : बहुतेक फ्रिजमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त थंडी. फ्रिजमध्ये ३ ते ५ अंश, फ्रीझरमध्ये उणे १८ अंश पुरेसे. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर रात्रभर ठेवला की खरे तापमान कळते. गरम भाजी, आमटी आत ठेवण्याआधी निवू द्या.

मेकॅनिक कधी?

फ्रिज अखंड चालतो, पण थंडी कमी, तर गॅसगळतीची शक्यता आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरला तर तो पुन्हा जाणार, त्यामुळे 'लीक कुठे होता?' हे आधी विचारा. अनेक नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए हा ज्वलनशील गॅस असतो; हे काम घरी करू नका.

दर काही मिनिटांनी 'टक्' आवाज येऊन कॉम्प्रेसर सुरू होतो आणि लगेच बंद पडतो? रिले खराब असू शकतो किंवा व्होल्टेज कमी असू शकते. अशा वेळी प्लग काढून ठेवा. कॉम्प्रेसर जळाला तर खर्च कितीतरी वाढतो.