थारमध्ये जायचं कधी? गैरसमज आणि वस्तुस्थिती

राजस्थानच्या सहलीत थारच्या वाट्याला बहुधा डिसेंबरातली एक संध्याकाळ येते. जैसलमेरजवळच्या समला जायचं, उंटावर बसून फोटो काढायचे, रात्री तंबूत दाल-बाटी खायची आणि सकाळी परतीची गाडी पकडायची. त्यातून मनावर ठसते ती नुसती वाळू आणि ओसाडी. माझ्या मते थारची इतकी अपुरी ओळख दुसऱ्या कुठल्याही मार्गानं होत नसेल.

वाळूच्या या टेकड्यांना तिकडे धोरे म्हणतात. थार म्हणजे सगळे धोरेच, ही समजूत खरी नाही. जैसलमेरच्या आसपास दूरवर दगडगोट्यांचं माळरान पसरलं आहे, त्याला मगरा म्हणतात. बाडमेर रस्त्यावरच्या आकल गावी सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके आजही उघड्यावर पडलेले आहेत. जोधपूरला मेहरानगडाच्या पायथ्याशी ज्वालामुखीचा लालसर खडक आहे आणि त्याच्या भेगांतून थोर उगवतो. पर्यटक त्याला कॅक्टस म्हणतात, पण कॅक्टसचं मूळ घर अमेरिका खंड. हा थोर इथलाच. ओसाडीचं म्हणाल, तर जैसलमेर जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरमागे 17 माणसं होती हे खरं. पण अख्खं थार धरलं, तर इतकी दाट वस्ती जगातल्या दुसऱ्या कुठल्या मोठ्या वाळवंटात नाही.

उन्हाळ्याबद्दलचा गैरसमज सर्वांत पक्का आहे. 19 मे 2016 ला फलोदीत 51 अंश तापमान नोंदलं गेलं. अशा उन्हात काय जगणार, असं वाटणं साहजिक आहे. पण आपण दसऱ्याला जिची पूजा करतो ती शमी, म्हणजे तिकडची खेजडी, नेमकी याच दिवसांत हिरवी असते. तिची मुळं फार खोल जातात, त्यामुळे वरची जमीन करपली तरी तिला ओल मिळते. एप्रिल-मेमध्ये तिला कोवळ्या शेंगा लागतात, त्याच सांगऱ्या. पानं नसलेल्या केराच्या झुडपावर लालसर फुलं आणि मग हिरवी बोरंवजा फळं येतात, ती खारवून वाळवतात. केर-सांगरीची भाजी हॉटेलात वर्षभर मिळते, पण तिचा हंगाम हा असा ऐन उन्हाळ्यातला. त्याआधी फेब्रुवारी-मार्चात रोहिडा फुलतो. एक झाड पिवळं, शेजारचं केशरी, त्यापुढचं तांबडं. डिसेंबरच्या पाहुण्याला यातलं काहीच दिसत नाही.

सांडाही दिसत नाही. काटेरी शेपटीचा, वीतभर ते हातभर लांबीचा हा सरडा चक्क शाकाहारी आहे. थंडीत तो बिळाचं तोंड मातीनं बुजवून आत झोपतो आणि ऊन तापलं की बाहेर येतो. सकाळी आधी नुसतं डोकं बिळाबाहेर काढून तो बराच वेळ स्तब्ध राहतो; मग हळूहळू पूर्ण बाहेर येऊन उन्हाला अंग देतो. अंग तापेपर्यंत त्याचा रंग गडद असतो, नंतर उजळत जातो. वर घार फिरली की शेपटी ओढत क्षणात बिळात. याच प्राण्याचं तेल गुडघेदुखीवर आणि ताकदीसाठी म्हणून फुटपाथवर विकलं जातं. ती चरबी आहे, औषध नव्हे. ती काढण्यासाठी सांडा मारला जातो आणि कायद्यानं तो गुन्हा आहे. हे तेल कुणीही विकत घेऊ नये.

वाळवंटात पाऊस पडत नाही, हे तर साफ चूक. पश्चिम थारमध्ये तो वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, पूर्वेकडे वाढत जातो, आणि पडतो तेव्हा मोजक्या सरींत कोसळतो. 2006 च्या ऑगस्टमध्ये बाडमेरजवळचं कवास गाव पुरात बुडालं. जमिनीखाली जिप्समचा थर असल्यामुळे पाणी मुरेना, ते कित्येक महिने साचून राहिलं. एरवी मात्र पहिल्या सरीनंतरचं थार पाहण्यासारखं असतं. ओल्या वाळूवर मखमली लाल मृगाचे किडे फिरू लागतात, सेवण गवत कोंब धरतं. उताराच्या पायथ्याशी मातीचा बांध घालून पाणी अडवलेलं असतं, त्याला खडीन म्हणतात. पालीवाल ब्राह्मणांनी काही शतकांपूर्वी ही पद्धत रुजवली. साठलेलं पाणी जमिनीत मुरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा येतो, वेगळं सिंचन लागत नाही.

सेवणाच्या या कुरणांना सरकारी कागदांत बरेचदा पडीक म्हणतात, आणि मग तिथे झाडं लावण्याची घाई होते. मला सर्वांत जास्त खुपतो तो हा गैरसमज. गोडावण, म्हणजे आपला माळढोक, उघड्या गवताळ जमिनीवरच बहुधा एकच अंडं घालतो. सोलापूरचं नान्नज अभयारण्य ज्याच्यासाठी झालं, तो पक्षी आपल्याकडे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. आता त्याची मुख्य भिस्त जैसलमेरवर आहे. तिथे गवत मोडून झाडं लावणं म्हणजे त्याचं घर मोडणं. विलायती बाभूळ, आपली वेडी बाभूळ, अशीच चांगल्या हेतूनं पसरवली गेली आणि आता ती मूळ झाडांना उठू देत नाही. जोधपूरच्या राव जोधा डेझर्ट रॉक पार्कमध्ये 2006 पासून तिला मुळासकट काढून इथली मूळ झाडंझुडपं लावण्यात आली. 1730 मध्ये खेजडलीत अमृतादेवी आणि इतर बिश्नोई, एकूण 363 जणांनी प्राण दिले, तेही त्या मातीतल्या खेजडीसाठी.

थंडीत जायचंच असेल, तर धोऱ्यांसोबत फलोदीजवळचं खीचन जरूर गाठा. मंगोलिया आणि मध्य आशियाकडून आलेले हजारो करकोचे, तिकडच्या भाषेत कुरजां, सप्टेंबरपासून मार्चपर्यंत तिथे असतात. गावकरी त्यांना रोज सकाळी दाणे घालतात, त्यामुळे पहाटेच पोहोचावं. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी सूर्योदयापासून नऊपर्यंत फिरावं, दुपार सावलीत काढावी आणि पाणी भरपूर जवळ ठेवावं. वाटेत ओरण, म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान लागलं, तर गावात विचारून आत जावं. तिथली वाळलेली काटकीसुद्धा उचलायची नसते.