चार मुलं, तीन बेल्ट: पाळणाघराच्या गाडीचं गणित

(ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलतानाचे अडखळे काढलेत, आकडेमोड थोडी सविस्तर केली आहे.)

एरवी आपण इथे सॉफ्टवेअर, गॅजेट्स आणि ऑफिसच्या गमतीजमती बोलतो. आजचा विषय जरा वेगळा वाटेल, पण आहे इंजिनिअरिंगचाच. घरीच पाळणाघर चालवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय, "माझ्याकडे चार मुलं असतात. सात महिन्यांचं बाळ, दोन वर्षांचा एक, साडेतीन वर्षांची एक आणि सहा वर्षांचा एक. गाडी पाच सीटर हॅचबॅक. कधी प्लेग्रुपला सोडायचं असतं, कधी बागेत न्यायचं असतं. चौघांना नीट कसं न्यायचं?"

प्रश्न साधा वाटतो. पण यात आपण सहसा चुकीची गोष्ट मोजतो. "गाडीत किती मुलं मावतात?" असं विचारलं तर उत्तर येतं सहा, सात, दाटीवाटीने आठसुद्धा. "गाडीत किती मुलं नीट बांधली जातात?" असं विचारलं की आकडा झरकन खाली येतो. आजचा अख्खा भाग या दुसऱ्या आकड्याबद्दल आहे.

मांडीवर धरलं तर काय होतं?

आधी थोडं फिजिक्स. घाबरू नका, दहावीचंच आहे.

ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. समजा गाडी कशावर तरी आदळली आणि पुढचा भाग चेपत चेपत ६० सेंमीमध्ये थांबली. गणित केलं तर वेग कमी होण्याचा दर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण १६ पट येतो. म्हणजे मांडीवरचं १० किलोचं बाळ त्या क्षणी १६० किलोच्या पोत्यासारखं पुढे ओढलं जातं, आणि हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत. आईचे हात असोत नाहीतर पैलवानाचे, ते धरू शकत नाहीत. माया कमी पडत नाही हो, स्नायू कमी पडतात.

"पण मी हळू चालवते." बरोबर. मग उंचीत बघू. ५० च्या वेगाने आदळणं म्हणजे जवळपास १० मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडणं. ३० च्या वेगाने म्हणजे साडेतीन मीटर, साधारण पहिला मजला. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत कठडा नसेल तर आपण मुलांना तिथे खेळू देऊ का? शिवाय समोरून येणारा टेम्पो किती वेगात आहे, हे आपल्या हातात नसतं.

"रिक्षात आठ-आठ मुलं जातातच की!" हेही ऐकू येतं. जातात, खरं आहे. पण रिक्षात धोका आहे म्हणून गाडीतला कमी होत नाही. आणि गाडीत निदान बेल्ट लावायची सोय आहे. ती वापरायची की नाही, एवढंच आपण ठरवायचं.

बेल्ट मोठ्यांच्या मापाचा असतो

गाडीचा बेल्ट मोठ्या माणसाच्या हाडांवर बसतो: खाली कमरेच्या हाडावर, वर खांद्याच्या हाडावर. लहान मुलाची कमरेची हाडं तेवढी भरलेली नसतात. बेल्ट सरकून पोटावर येतो आणि धडकेत आतल्या अवयवांना इजा करतो. खांद्याचा पट्टा गळ्यावर येतो, मग मूल तो काखेखाली घेतं. म्हणून वयानुसार तीन पायऱ्या आहेत.

पहिली: बाळासाठी मागे तोंड असलेली सीट. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने खूप मोठं असतं आणि मान नाजूक. तोंड मागे असलं की धडकेचा जोर पाठ, मान आणि डोकं यांवर सारखा विभागला जातो. युरोपातल्या नव्या आर-१२९ मानकाच्या सीटमध्ये १५ महिने पूर्ण होईपर्यंत मूल पुढे तोंड करून बसवता येत नाही. १५ महिने ही किमान मर्यादा झाली. सीटवर लिहिलेल्या उंची-वजनात बसत असेल तोवर मागे तोंड ठेवणंच चांगलं, दोन वर्षांच्या मुलालासुद्धा.

दुसरी: सीटचेच स्वतःचे पट्टे असलेली, पुढे तोंडाची सीट. पट्टे किती घट्ट हवेत? खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून बघा. चिमटीत घडी आली तर सैल आहे.

तिसरी: बूस्टर. हा मुलाला उंच करतो, म्हणजे गाडीचाच बेल्ट मांड्यांवर आणि खांद्याच्या मधोमध बसतो. ब्रिटनमध्ये १२ वर्षं किंवा १३५ सेंमी उंची, यातलं जे आधी होईल तोवर अशी सीट किंवा बूस्टर लागतो. इयत्तेपेक्षा उंची महत्त्वाची, एवढं लक्षात ठेवा.

आपल्याकडे काय? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या सुधारणेने कलम १९४ब आलं. १४ वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा चाइल्ड सीटने बांधलेलं नसेल तर १,००० रुपये दंड. आणि दंड कोणाला? गाडी चालवणाऱ्याला. म्हणजे पाळणाघराच्या ताईंना, मुलाच्या आईबाबांना नव्हे.

आता ताईंची गाडी मोजू

टेप घ्या आणि गाडीपाशी जा. खरंच जा.

बऱ्याच चाइल्ड सीट सुमारे ४४ सेंमी रुंद असतात. तीन सीट म्हणजे १३२ सेंमी. हॅचबॅकमध्ये मागे दोन दारांच्या मध्ये एवढी सपाट जागा मिळणं कठीण. त्यात आयसोफिक्सचे हूक, म्हणजे सीट थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवायच्या कड्या, सहसा मागच्या दोन कडेच्या जागांनाच असतात. मधली सीट बेल्टनेच बसवावी लागते. जुन्या गाड्यांत मधला बेल्ट नुसता कमरेचा असतो. त्यावर बूस्टर चालत नाही, कारण बूस्टरला खांद्याचा पट्टा हवाच.

मग पुढची सीट? मागे तोंड असलेली बाळाची सीट चालू एअरबॅगसमोर कधीही, कधीही ठेवायची नाही. एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते आणि बाळाचं डोकं नेमकं तिच्यासमोर असतं. मोठ्या मुलांनाही बारा-तेरा वर्षांपर्यंत मागेच बसवावं, अशी शिफारस असते.

तर ताई, तुमच्या गाडीचं उत्तर: दोन मुलं नक्की. मधल्या जागेला खांद्याचा बेल्ट असेल आणि टेपने होकार दिला, तर सहा वर्षांच्या मुलाला अरुंद बूस्टरवर बसवून तीन. चार नाही. एका बेल्टमध्ये दोघं हा पर्याय नाहीच. धडकेत ती दोघं एकमेकांवरच आदळतात.

सात सीटर घेतली तर? तिथेही तिसऱ्या रांगेत खांद्याचा बेल्ट आहे का, आयसोफिक्स आहे का, मागची काच डोक्याच्या किती जवळ आहे, हे बघा. आणि मधली सीट दुमडल्याशिवाय तिथल्या मुलापर्यंत पोचता येत नसेल, तर तिथे सर्वांत मोठं मूल बसवा.

"दोन फेऱ्या मारू?" मग पहिल्या फेरीत घरी राहिलेल्या दोघांजवळ कोण? दुसरं मोठं माणूस असेल तर ठीक. नसेल तर पालकांना सांगा, "आज थेट बागेत सोडा." किंवा चालत जाता येईल अशी जागा निवडा. किंवा सरळ सहल रद्द करा. रद्द करणं हेही एक योग्य उत्तर आहे, आणि ते बिनधास्त देता आलं पाहिजे.

इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्यांना चाइल्डमाइंडर म्हणतात. तिथे एका व्यक्तीकडे एका वेळी आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं, त्यात पाचखालची सहसा तीन आणि एक वर्षाखालचं एक, असा नियम आहे. थोडक्यात, आकडा आधी ठरतो आणि बाकीचं नंतर.

वाघ, शेळी आणि गवताचा भारा

ते नदीपार न्यायचं कोडं आठवतंय? एकटीने चार मुलं गाडीत बसवणं म्हणजे तेच कोडं. एका मुलाचे पट्टे लावायला दोन्ही हात गुंततात. तेवढ्या वेळात बाकीची कुठे आहेत? धोका नेमका इथे आहे, आणि तेव्हा गाडी सुरूसुद्धा झालेली नसते. म्हणून एकच नियम: आपले दोन्ही हात गुंतलेले असताना एकही मूल रस्त्यावर मोकळं नको.

म्हणजे आधी सगळी आत, मग पट्टे. शक्यतो सोसायटीच्या गेटच्या आत. हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, किल्ली तुमच्या खिशात. किल्ली सीटवर ठेवून दार लागलं आणि लॉक झालं, असं होऊ शकतं. सगळी मुलं डाव्या दाराने आत, उजव्या दाराला चाइल्ड लॉक, कारण आपल्याकडे वाहनं त्या बाजूने जातात. बाळ कडेवर, पळणारा दोन वर्षांचा सर्वांत आधी आत. दारं लावा, मग पट्टे.

उतरवताना उलटं. आधी सहा वर्षांचा, जो ऐकतो. त्याला एक काम द्या: "हात गाडीला!" गाडीच्या डाव्या बाजूला पंजाचं एक स्टिकर लावा. उतरलं की त्यावर हात ठेवून उभं राहायचं. मुलांना तो खेळ वाटतो. पळणाऱ्याचे पट्टे अगदी शेवटी सोडा, आणि सोडल्यावर हात धरूनच उतरवा.

पाण्याच्या बाटल्या आणि स्टीलचे डबे मागे डिकीत. मगाशी जे १६ पट काढलं, ते किलोभराच्या डब्यालाही लागू होतं.

आकडा नको, नावं घ्या

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. आम्ही डेटा पाठवतो तेव्हा "चार फायली गेल्या, चार पोचल्या" एवढ्यावर विश्वास ठेवत नाही. कोणत्या चार, हेही तपासतो. मुलांचंही तसंच. बागेत शेजारच्यांचं एखादं मूल आपल्या घोळक्यात असतं, आकडा चार येतो आणि आपलं एक घसरगुंडीवर राहतं. म्हणून कागदावर नावं, आणि चार वेळा हजेरी: निघताना, उतरल्यावर, परत बसल्यावर, घरात शिरल्यावर. प्रत्येक नावाला त्या चेहऱ्याकडे बघायचं.

हे इतकं ताणून का सांगतोय? कारण सगळ्यांत भयंकर चूक सगळ्यांत शांतपणे होते. बाळ मागे झोपलेलं असतं, आवाज नसतो, आपण उतरतो आणि दार लावतो. २००९ मध्ये वॉशिंग्टन पोस्टमध्ये जीन वाइनगार्टन यांनी अशा घटनांवर मोठा लेख लिहिला, त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. त्यातले आईबाप निष्काळजी नव्हते, तुमच्या-माझ्यासारखेच होते. आपला मेंदू सवयीचा रस्ता आपोआप चालवतो. एखाद्या दिवशी क्रम बदलला, रोज बाबा सोडतात आणि आज आई, की मधली पायरी गळते. उन्हात बंद गाडी पहिल्या अर्ध्या तासातच प्रचंड तापते, काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही, आणि लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं.

यावर "मी विसरणार नाही" असं स्वतःला बजावून भागत नाही. सवय लावा. तुमची पर्स किंवा मोबाइल मागच्या सीटपाशी ठेवा, म्हणजे मागचं दार उघडावंच लागेल. गाडी लॉक करण्याआधी प्रत्येक सीटला हात लावा. आणि पाळणाघरासाठी आणखी एक: ठरल्या वेळेनंतर १५ मिनिटांत एखादं मूल आलं नाही, तर पालकांना फोन. मेसेज नको, फोनच. उचलला नाही तर दुसऱ्या पालकाला. "सुट्टी असेल" असं गृहीत धरायचं नाही. हा एक फोन कोणाच्या तरी गाडीतल्या मुलाचा जीव वाचवू शकतो.

पालकांशी आधीच बोला

पालकांची लेखी परवानगी घ्या: कुठे, कोणत्या गाडीतून, कोण चालवणार. "तुमच्या मुलाची सीट सकाळी सोबत द्या" असं सांगायला लाजू नका. सीटला काही हजार रुपये पडतात, ते सगळे तुम्हीच का सोसायचे? ती बसवायची कशी, हे मात्र निघायच्या दिवशी शिकू नका. आदल्या दिवशी पालकांकडून एकदा करून घ्या.

ने-आणीचे वेगळे पैसे घेणार असाल तर पांढऱ्या पाटीची खासगी गाडी चालत नाही. भाड्याने वाहतूक करायला परवाना लागतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते. विमा एजंटला आधीच विचारून ठेवा.

आणि गाडीत एक कागद: मुलांची नावं, पालकांचे नंबर, ॲलर्जी, खाली ठळक ११२ आणि १०८. कागदच, कारण धडकेत मोबाइल कुठे जाऊन पडेल सांगता येत नाही.

तर मंडळी, आज एवढंच. तुमच्या ओळखीत कोणी पाळणाघर चालवत असेल, किंवा घरातले आजोबा नातवंडांना गाडीतून फिरवत असतील, तर त्यांना हा भाग पाठवा. आणि मागच्या सीटवर टेप लावून किती सेंमी आले ते मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!