शीतयुद्ध आणि कामगारांची एकी

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्यात जे वैर माजले, त्याला शीतयुद्ध म्हणतात. या विषयावर बोलणारे बहुधा अणुबाँब, अग्निबाण आणि बर्लिनची भिंत यांविषयी बोलतात. ते योग्यच आहे. परंतु आमचे आयुष्य कामगारांच्या द्वारसभा भरविण्यात गेले. म्हणून आम्ही या वैराकडे त्या बाजूने पाहणार आहोत. त्याला कारणही आहे. दोन्ही पक्ष कामगाराचेच नाव घेत होते. एक म्हणे, कामगाराचे राज्य आमच्याकडे आहे; दुसरा म्हणे, कामगाराचे स्वातंत्र्य आमच्याकडे आहे. तेव्हा या दोन्ही दाव्यांची परीक्षा कामगाराच्या अनुभवावर करणे, हेच न्यायाचे होय.

आरंभ मोठा आशादायक होता. ऑक्टोबर 1945 मध्ये पॅरिस येथे कामगार संघटनांचा जागतिक महासंघ स्थापन झाला. ब्रिटनची ट्रेड युनियन काँग्रेस, अमेरिकेची सीआयओ, फ्रान्सची सेजेटे, रशियातील संघटना आणि आपली आयटक अशा सर्व एका छपराखाली आल्या. पहिले अध्यक्ष ब्रिटनचे वॉल्टर सिट्रीन, तर सरचिटणीस फ्रान्सचे लुई सायाँ. फॅसिझमशी लढताना जी एकी झाली ती शांततेच्या काळातही टिकेल, अशी पुष्कळांना आशा होती. अमेरिकेची दुसरी मोठी संघटना, एएफएल, मात्र बाहेर राहिली. रशियातील संघटना सरकारच्या हुकमतीखाली आहेत, त्यांना आम्ही कामगार संघटना मानत नाही, असे तिचे म्हणणे होते.

मग 5 जून 1947 रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी हार्वर्ड येथे युरोपच्या पुनर्रचनेची योजना बोलून दाखविली. पुढे 1948 ते 1952 या काळात सुमारे 13 अब्ज डॉलर्सची मदत पश्चिम युरोपात गेली. पश्चिमेकडील पुष्कळ कामगार पुढाऱ्यांनी हिशेब केला की, कोळसा, धान्य आणि यंत्रे आली तर कारखाने चालतील आणि कारखाने चालले तर रोजगार मिळेल. मॉस्कोने उलट सांगितले की, हा अमेरिकन भांडवलाने युरोप विकत घेण्याचा डाव आहे. दोन्ही म्हणण्यांत काही तथ्य होते. पण ते तपासून पाहण्याची मोकळीक महासंघात उरली नव्हती. प्रत्येक पुढारी आपल्या राजधानीचे मत घेऊनच सभेला येत होता. जानेवारी 1949 मध्ये ब्रिटिश, अमेरिकन आणि डच प्रतिनिधी उठून गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लंडन येथे ‘मुक्त’ कामगार संघटनांचा निराळा आंतरराष्ट्रीय महासंघ निघाला. चार वर्षांत एका घराची दोन घरे झाली!

फूट केवळ वरच्या मजल्यावर राहिली नाही. फ्रान्समध्ये 1947 च्या हिवाळ्यातील मोठ्या संपांनंतर सेजेटेतून फोर्स उव्हरियेर हा गट बाहेर पडला. इटलीतही 1948 साली एकी तुटली. या फुटींना स्थानिक कारणे होतीच. पण पैसाही होता. 1967 साली सीआयएचे माजी अधिकारी टॉमस ब्रेडन यांनी एका अमेरिकन नियतकालिकात लेख लिहून, युरोपातील साम्यवादविरोधी कामगार संघटनांना आपल्या खात्याने पैसा पुरविल्याचे उघड मान्य केले. दुसरी बाजूही स्वच्छ नव्हती. सोव्हिएत संघ मोडल्यावर बाहेर आलेल्या कागदपत्रांवरून दिसले की, 1950 पासून एका गुप्त निधीतून परदेशांतील डाव्या पक्षांना आणि संघटनांना मदत जात होती. वर्गणीवर चालणाऱ्या संघटनेला सभासदाचे ऐकावे लागते. देणगीवर चालणारीला देणाऱ्याचे.

आता दाव्यांच्या परीक्षेकडे वळू. मे 1953 मध्ये पूर्व जर्मनीच्या सरकारने, त्याच मजुरीत किमान दहा टक्के अधिक काम झाले पाहिजे, असे ठरविले. गिरणीत दोनाऐवजी तीन साचे सांभाळायला लावावे, तसाच हा प्रकार. 16 जूनला कामगार संघटनेच्या मुखपत्रात या वाढीचे समर्थन छापून आले. कामगारांच्या वर्गणीवर चालणारे पत्र मालकाची बाजू मांडत होते. कारण मालक सरकार होते आणि संघटनाही सरकारची होती. त्याच दिवशी पूर्व बर्लिनमधील स्टालिन मार्गावरचे बांधकाम मजूर काम सोडून निघाले. दुसऱ्या दिवशी देशभर संप पसरला आणि सोव्हिएत रणगाडे रस्त्यावर आले. त्यात पन्नासहून अधिक माणसे दगावली. कामगाराच्या राज्यात कामगारांच्या संपावर रणगाडे चालविले गेले!

तेव्हा दुसऱ्या बाजूने टाळ्या वाजविण्याचे कारण नाही. 1947 साली अमेरिकेत टाफ्ट-हार्टले कायदा झाला. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून तो संमत झाला. त्याने संपाच्या हक्कावर बंधने घातली. शिवाय आपण साम्यवादी नाही, असे प्रतिज्ञापत्र संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना द्यावे लागले. पुढे सीआयओने आपल्याच अकरा संघटनांना साम्यवादाच्या आरोपावरून बाहेर काढले. ग्वातेमालात केळीच्या मळ्यांतील मजुरांना संघटनेचे हक्क मिळू लागले होते. 1954 साली सीआयएच्या मदतीने तेथील निवडून आलेले सरकार उलथले आणि नव्या राजवटीने शेकडो संघटनांची नोंदणी रद्द केली. स्वातंत्र्याच्या छावणीने कामगाराला दिलेले हे स्वातंत्र्य!

मग आपल्याकडे काय झाले? आमच्या फुटीला केवळ मॉस्को-वॉशिंग्टनला दोष देणे खरे होणार नाही. 1920 साली मुंबईत स्थापन झालेली आयटक 1929 सालीच नागपुरास फुटली होती. तेव्हा शीतयुद्धाचा पत्ताही नव्हता. पुढे एकी झाली. परंतु मे 1947 मध्ये इंटक आणि डिसेंबर 1948 मध्ये हिंद मजदूर सभा निघाली. ही कारणे घरची. मात्र शीतयुद्धाने त्या भिंती पक्क्या केल्या. आयटक जागतिक महासंघात राहिली, बाकीच्या दोघी मुक्त महासंघाकडे गेल्या. एकाच खात्यात शेजारी शेजारी काम करणारे दोन कामगार जगाच्या दोन छावण्यांत नोंदले गेले. आम्ही चळवळीत पडलो तेव्हा बर्लिनची भिंत पडून गेली होती; पण फाटकावरची भिंत उभीच होती. आमच्या एका संपात दोन झेंड्यांच्या दोन सभा एकाच वेळी भरल्या. दोघांची मागणी एकच होती, महागाई भत्त्याची. व्यवस्थापनाने दोघांना वेगवेगळे बोलावले आणि आठ दिवसांत संप मोडला. त्या रात्री घरी जाताना आम्हांला कळले की, इतिहास पुस्तकात संपतो, फाटकावर संपत नाही.

या अंधारात एक दिवा पोलंडमध्ये लागला. ऑगस्ट 1980 मध्ये ग्दान्स्कच्या गोदी कामगारांनी सरकारपासून स्वतंत्र अशी संघटना मिळविली. तिचे नाव सॉलिडॅरिटी, म्हणजे एकजूट. डिसेंबर 1981 मध्ये लष्करी कायदा आला, पुढारी तुरुंगात गेले, तरी ती मेली नाही. जून 1989 च्या निवडणुकीत तिनेच बाजी मारली. परंतु पुढे बाजाराची लाट आली, तेव्हा त्याच गोदीतील हजारो कामगारांची कामे गेली, हेही विसरता कामा नये.

1991 साली सोव्हिएत संघ मोडला. 2006 साली मुक्त महासंघ दुसऱ्या एका महासंघात मिसळून नवा आंतरराष्ट्रीय महासंघ झाला. 1945 चा जागतिक महासंघ आजही निराळा चालतो. छावण्या गेल्या, पण दोन घरे राहिली.

या साऱ्याचे तात्पर्य आम्ही एका प्रश्नात सांगू. कोणतीही संघटना, कोणताही पक्ष, कोणतेही राष्ट्र कामगाराच्या कल्याणाची भाषा बोलू लागले, की त्याला विचारावे: तुमच्याविरुद्ध संप केला तर चालेल काय? ‘होय’ म्हणेल त्याच्याशी बोलावे. कचरेल त्याच्या झेंड्याचा रंग कोणताही असो, त्याच्यापासून सावध राहावे.