बसच्या आकड्याआधीचं अक्षर

गाडीच्या पाटीवर ‘एमएच १२’ दिसलं की ती पुण्यात नोंदलेली, हे आपण ओळखतो. न्यूयॉर्कच्या बसक्रमांकातलं अक्षरही असाच पत्ता सांगतं : ‘एम’ म्हणजे मॅनहॅटन, ‘बी’ ब्रुकलिन, ‘क्यू’ क्वीन्स, ‘बीएक्स’ ब्राँक्स. त्यामुळे प्रत्येक भागाला आकडे एकपासून मोजता येतात आणि एम १, बी १, क्यू १ एकाच शहरात गोंधळाविना धावतात. पण ‘एम ६०’ तर क्वीन्समधल्या लाग्वार्डिया विमानतळावर जाते, मग अक्षर चुकलं का? नाही. मार्ग मूळचा कुठला, एवढंच ते सांगतं; हद्द ओलांडायला त्याची आडकाठी नसते. ब्राँक्सहून मॅनहॅटनला जाणाऱ्या एक्स्प्रेस बसला तर ‘बीएक्सएम’ असं जोडनावच मिळतं. मुंबईत मात्र बेस्टच्या आकड्याआधीचा ‘ए’ भाग दाखवत नाही, बस वातानुकूलित असल्याचं सांगतो. म्हणून परक्या शहरात आकड्याआधी अक्षराचा अर्थ विचारून घ्यावा.