लेखांक १४ : सहाशे हेक्टरांची रेघ

  नेवासा तालुक्यातल्या चांद्याहून एका वाचकाचं पत्र आलं, आणि त्यातला प्रश्न इतका नेमका आहे की त्याची दोन ओळींत बोळवण करणं मला पटेना. ते लिहितात, "२०१९ ला आपल्या तालुक्याला जलसंधारण मंत्रिपद मिळालं. मग मुळेच्या आवर्तनाची निवेदनं दुसऱ्याच मंत्र्यांकडे का जात होती?"

शंकरराव गडाखांनी काढलेल्या क्रांतिकारी शेतकरी पक्षाबद्दल लिहून झालंय. एका तालुक्याच्या जिवावर उभा राहिलेला हा पक्ष. त्याच्याच नावावर ते २०१९ ला तीस हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. ३० डिसेंबरला कॅबिनेट मंत्री म्हणून शपथ झाली आणि खातं मिळालं मृद व जलसंधारण. पाण्याचं खातं घरात आलं, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं.

पण सरकारात पाण्याची खाती दोन, आणि त्यांच्यामध्ये ६०० हेक्टरांची रेघ. पाझर तलाव, गावतलाव, कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, म्हणजे ज्याखाली ६०० हेक्टरांपर्यंत भिजतं ते जलसंधारणाचं. त्यापुढचं सगळं जलसंपदेचं. मुळा धरण २६ टीएमसीचं. त्याखालचं क्षेत्र ८० हजार हेक्टरांच्या आसपास. अर्थातच ते रेघेच्या पलीकडे, आणि पलीकडचं खातं तेव्हा जयंत पाटलांकडे होतं. जुने तलाव-बंधारे दुरुस्त करायला मुख्यमंत्री जलसंवर्धन योजना आली ती गडाखांच्याच खात्यातून, आणि ते काम मोलाचं आहे. आमच्याकडे गाळाने भरलेला पाझर तलाव दाखवायला लांब जावं लागत नाही. पण बारागाव नांदूरच्या धरणातून उजव्या कालव्याला पाणी कधी सुटायचं, हे त्या खात्याच्या हातात नव्हतं.

ते ठरतं कालवा सल्लागार समितीत. तिथे आमदाराला जागा असते, म्हणून नेवाशात विधानसभेला उभं राहणारा माणूस पाटपाण्याचं बोलल्यावाचून मत मागूच शकत नाही. उजवा कालवा राहुरीतून नेवाशात येतो आणि पुढे शेवगाव-पाथर्डीकडे जातो. आपण वरच्यांच्या दृष्टीने टेलचे आणि खालच्यांच्या दृष्टीने हेडचे. ही दुहेरी जागा ज्याला कळली नाही, त्याचं पाण्यावरचं भाषण मी कधी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही.

लहानपणी वडिलांबरोबर रात्रीच्या पाळीला जायचो. पाण्याच्या मागणीचा सात नंबरचा फॉर्म भरलेला, पाळीचा दिवस ठरलेला, आणि पहाटेपर्यंत चारी कोरडी. नियमाने पाळी टेलकडून सुरू व्हायला हवी. पण वरची दारं उघडी असली की खाली ओल पोचेपर्यंत आवर्तन बंद व्हायची वेळ येई. कंदिलाच्या उजेडात वडील चारीच्या मातीला हात लावून बघायचे. ती माती मला आजही आठवते. आवर्तनाचे किती दिवस मिळाले, याचे आकडे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे तीच येते. दिवस मोजून पाणी मोजलं जात नाही.

आणि पाणी मोजून घ्यायचं कसं, हे पत्रलेखकाच्या गावानेच करून दाखवलंय! मुळा उजव्या कालव्याच्या मायनर सातवर, चांद्याला, १९८० च्या दशकाच्या अखेरीस दत्त सहकारी पाणीवाटप संस्था उभी राहिली. महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या पाणीवापर संस्थांपैकी ही एक. पुण्याच्या अभ्यासकांची साथ होती, पण चारीवर उभं राहायचं ते गावानेच. व्यवस्था साधी. खात्याने मायनरच्या तोंडाशी पाणी मोजून द्यायचं, संस्थेने ते आपसांत वाटायचं, पट्टी आपणच गोळा करायची. पट्टी पिकावर आणि एकरावर न लावता घनमापाने लावली, म्हणजे कमी पाण्यात भागवणाऱ्याला त्याचा फायदा दिसतो. आपल्या तालुक्यातल्या या कामाबद्दल मला जितका अभिमान आहे, तितका कुठल्याच मंत्रिपदाबद्दल नाही.

पुढे २००५ साली विधिमंडळाने सिंचन पद्धतीचं व्यवस्थापन शेतकऱ्यांनी करण्याचा कायदा केला. पाणी ठोक आणि मोजून संस्थेला द्यायचं, हे त्याचं सूत्र. चांद्याच्या चारीवर जे आपखुशीने आणि कराराने चाललं होतं, ते राज्याच्या कायद्यात आलं. आमदारकीचं खरं काम मला इथे दिसतं. समितीत बसून दोन दिवसांचं आवर्तन वाढवून घेणं हे काम आहेच. पण मुंबईत बसून मायनरच्या तोंडाशी मोजमापाची सोय, तिची दुरुस्ती, संस्थांना वेळेवर हिशेब, यासाठी पैसा आणि आदेश काढून घेणं हे त्याहून मोठं, आणि त्यासाठी मंत्रीच असावं लागतं असंही नाही.

२०२४ ला गडाख थोडक्यात हरले आणि विठ्ठलराव लंघे आमदार झाले. माणूस बदलला, रेघ तिथेच आहे. तेव्हा चांद्याच्या वाचकांना माझं उत्तर असं: निवेदनं योग्य ठिकाणीच जात होती. फक्त त्यांत आवर्तनाच्या तारखेबरोबर, आमच्या मायनरला किती घनमीटर दिलं, हेही लेखी मागत चला.

मायनर सातवर त्या पहिल्या वर्षांत ज्यांनी पाळ्या लावल्या, वह्या लिहिल्या, त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर मला कळवा. त्या वह्या बघायला मी चांद्याला येईन.