बाळाचं वजन आणि नाळेतलं रक्त : आईच्या ताटात काय पडतं?

विंचूर : बाळ जन्मलं की घरात पहिला प्रश्न, "वजन किती?" अडीच-पावणेतीन किलो ऐकलं की दादी-नानी लगेच म्हणतात, "बारीक आहे, घुटी द्या, डब्याचं दूध द्या." पण बाळाची वाढ ठरते त्याच्या खूप आधी.

पोटातलं बाळ वाढतं ते त्याच्या स्वतःच्या रक्तातल्या वाढ-घटकांवर. त्यात मुख्य दोन, इन्सुलिन आणि इन्सुलिनसारखाच असलेला 'आयजीएफ-१'. गंमत अशी की आईच्या रक्तातले हे घटक वार ओलांडून बाळाकडे जवळजवळ जातच नाहीत. जाते ती साखर, प्रथिनं, जीवनसत्त्वं. हा माल जेवढा पोहोचतो, त्या बेतानं बाळाचं शरीर स्वतःचे घटक तयार करतं. आईच्या रक्तातले घटक वारेचं काम सांभाळतात. म्हणजे कारखाना बाळाचा, कच्चा माल आईचा.

आपल्या महाराष्ट्रातच याचा मोठा अभ्यास झाला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची नोंद ठेवली. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू. चरबी त्या मानानं टिकून होती. पुढे पुणे आणि लंडनच्या बाळांचं नाळेतलं रक्त तपासलं, तेव्हा वजनाने लहान असूनही पुण्याच्या बाळांत इन्सुलिन जास्त निघालं. पुढच्या डायबेटिसची सुरुवात इथे असू शकते, असं संशोधकांचं म्हणणं. म्हणून बारीक बाळाला घाईनं गुटगुटीत करणं हा इलाज नाही. सहा महिने फक्त आईचं दूध, घुटीसुद्धा नको.

त्याच गावांत ज्या आया दूध, फळं, हिरव्या पालेभाज्या जास्त वेळा खायच्या, त्यांची बाळं मोठी निघाली. जड अंगमेहनत करणाऱ्यांची लहान. आपल्याकडे कांदा काढणीला आणि द्राक्षबागेत सातव्या महिन्यापर्यंत जाणाऱ्या बहिणी कमी नाहीत. "जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल, बाळंतपण अवघड जाईल" हे त्यांना वर ऐकावं लागतं, ते वेगळंच.

आणखी एक. त्या आयांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींत बी-१२ कमी होतं. ते मिळतं दूध, दही, अंडी, मासे, गोश्तातून. गोश्त आपल्या घरात शिजतं, हे खरं. पण सूनबाई सगळ्यांनंतर जेवते आणि तिच्या वाट्याला उरतो तो रस्सा! फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मात्र बंद करू नका. बी-१२ची तपासणी करायची का, ते डॉक्टरांना विचारा. रमजानमध्ये हमल असेल आणि तब्येतीला धोका वाटत असेल, तर रोजे नंतर ठेवण्याची सवलत शरीयतमध्ये आहेच. सासूबाईंनीच ती सुनेला आधी सांगितली, तर तिला विचारायचा संकोच राहणार नाही.