ठाण्याच्या भिंतीआड

लष्कर भागातल्या दौलतगंजमध्ये, ग्वाल्हेरच्या या जुन्या मराठी वस्तीत, पोलिसांनी कुणाला उचलून नेलं तर घरच्यांनी करायचं काय? हे माहीत असणं किती गरजेचं आहे, ते गुना जिल्ह्यातल्या एका प्रकरणाने दाखवलं.

जुलै २०२४ मध्ये पारधी समाजातल्या २५ वर्षांच्या तरुणाला ऐन लग्नाच्या दिवशी काकासह चोरीच्या संशयावरून नेलं. तरुण कोठडीतच दगावला. पोलीस म्हणाले, हृदयविकाराचा झटका. अंगावर मात्र जखमा होत्या. मारहाणीचा मुख्य साक्षीदार काका, आणि तोच तुरुंगात! १५ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला, जबाबदार पोलिसांना महिनाभरात अटक करा असं बजावलं. तरी दोन अधिकारी फरारच राहिले. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने पुन्हा खडसावल्यावर ते हाती लागले. स्पष्ट आदेशानंतरही इतका उशीर व्हावा, ही संतापजनक गोष्ट आहे.

कायदा सांगतो, अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे, अटकेच्या पंचनाम्यावर साक्षीदाराची सही हवी, नातलगाला कळवलं पाहिजे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करणं बंधनकारक आहे. कोठडीत मृत्यू झाला, तर पोलिसांच्या तपासाशिवाय दंडाधिकारीही चौकशी करतो.

ठाण्याने तक्रार नोंदवली नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावं. तिथेही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्याकडे जावं. सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवण्याची मागणी पहिल्याच अर्जात करावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाने ठाण्यांत कॅमेरे सक्तीचे झाले आहेत, पण चित्रण कायमचं राहत नाही.